शाळेच्या कपाटांतील आदिवासी

ग्रंथालयासाठीं पुस्तक घ्यावयाचें म्हणजे किंमत, छपाई व बांधणी पाहण्याचा प्रघात आहे. त्यांत माणसें कशीं दाखविलीं आहेत, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आदिवासी व भटक्या समाजांवरील पुस्तकांच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या राहूबेटांत व एकंदर दौंड-शिरूर भागांत फासेपारधी हें नांव कोणास अपरिचित नाहीं. परंतु हा परिचय नांवापुरताच, आणि तोही बहुधा एखाद्या चोरीच्या बातमीसोबत झालेला. या समजुतीचें एक मूळ कायद्यांत आहे. इ. स. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ सालच्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढविली. ज्या जमातीचें नांव यादींत चढलें, तींत जन्मलेलें मूल कांहीं एक न करतां संशयित ठरलें. कित्येकांस हजेरी देणें भाग पडलें; कित्येकांस तारेच्या कुंपणाआड वसाहतींत राहावें लागलें. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती. मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनींही ठिकठिकाणीं अशा वसाहती चालविल्या. हें लिहितांना आम्हांस संकोच होतो, पण तें झांकून ठेवणें बरें नव्हे.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. तरीही जुन्या पुस्तकांतून ‘चोरटी जात’ हे शब्द तसेच राहिले आहेत. वर्गांत असा उतारा मोठ्यानें वाचला जात असतां त्याच बांकावर पारध्याचें मूल बसलेलें असेल, तर त्यानें मान कोठें लपवावी? अशीं पुस्तकें फाडून टाकावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तीं शिक्षकांच्या कपाटांत असावीं, आणि कायदा माणसास कसा कलंक लावतो हें शिकवितांना वरच्या वर्गांपुढें उघडावीं.

पुस्तक कोणीं लिहिलें, हाही प्रश्न विचारावा. गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हें वारल्यांच्या लढ्याचें पुस्तक मोलाचें खरें. पण तें त्यांच्यांत जाऊन राहिलेल्या बाहेरच्या बाईंचें आहे. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ (१९८७) हीं मात्र त्या त्या समाजांत जन्मलेल्यांनीं लिहिलेलीं. भिल्ल कवि वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रहही शेजारीं असावा. ‘उचल्या’ंतील कांहीं भाग फार कठोर आहेत. तें नववी-दहावीच्या मुलांनीं शिक्षकांच्या सोबतीनें वाचावें, असें आमचें मत आहे.

चित्रांचेंही असेंच. आजकाल प्रत्येक शाळेच्या भिंतीवर वारली आकृति दिसतात. त्या मूळच्या लग्नघरांतल्या. तांदळाच्या पिठानें सवाशिणींनीं काढावयाच्या. त्यांतील देवचौकांत पालघट देवी असते, म्हणून तो चौक कुंडीवर वा भेटकार्डावर उतरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शेत, झाडें, तारपा व नाचणारीं माणसें मुलांनीं खुशाल काढावीं. मात्र ही कला डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं जगभर पोहोंचविली व त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली, एवढें तरी चित्राखालीं लिहावें.

पालकांस एक गोष्ट स्पष्टच सांगतों. स्नेहसंमेलनांत अंगास पानें बांधून, तोंडास काळें फासून, अर्थहीन आरोळ्या ठोकणारा ‘आदिवासी’ उभा करण्याची चाल बंद झाली पाहिजे. त्या पोशाखाचा खर्च वांचवून मुलांस पुण्यास न्यावें. तेथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासूनची असून तिचें संग्रहालय पाहण्याजोगें आहे. जुन्नर-आंबेगांवचे महादेव कोळी, मावळ-मुळशीचे कातकरी हे आपल्याच जिल्ह्यांतले शेजारी, हें मुलांस तेथें उमगेल.

पुढील खरेदीच्या वेळीं ज्या समाजावर पुस्तक आहे त्या समाजांतील पालकांस तें आधीं दाखवावें, अशी आमची सूचना आहे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस तें वाचून दाखवावें, आणि ते ‘नको’ म्हणाले तर कारण विचारून टिपून ठेवावें.