निलगिरीच्या रोपांना खत : केव्हा आणि कसे?

प्रश्न : सेनगाव तालुक्यातील काळ्या जमिनीत निलगिरी लावायची आहे. सुरुवातीची वाढ जोमदार होण्यासाठी खत कसे द्यावे?

उत्तर : निलगिरीला खताची खरी गरज लागवडीपासून फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत असते. या काळात मुळांचा पसारा लहान असतो. पुढे पालापाचोळा कुजून अन्नद्रव्ये जमिनीत परततात आणि खताला मिळणारा प्रतिसाद कमी होतो.

सेनगावसह मराठवाड्यातील काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसे असते. नत्र कमी असते, तर चुनखडीमुळे स्फुरद, जस्त व लोह मुळांना सहज मिळत नाहीत. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही, म्हणून ते लागवडीच्या वेळीच मुळांजवळ द्यावे. त्यासाठी डीएपी खत वापरता येते; उदाहरणार्थ, ५० ग्रॅम डीएपीत ९ ग्रॅम नत्र व २३ ग्रॅम स्फुरद असते. खत खोडापासून वीतभर दूर, मातीआड करावे; मुळांना चिकटल्यास रोप करपते. युरिया ओल असताना, पावसाळ्यात हप्त्यांनी द्यावा. कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची, तर शेंडा वाळत गेल्यास बोरॉनची कमतरता तपासावी. शेंडा पाण्याच्या ताणानेही वाळतो.

तण काढले नाही तर खत तणच खाते. खताने पानोरा वाढतो आणि पाण्याची गरजही वाढते. म्हणून कोरडवाहू, उथळ जमिनीत जादा नत्र टाळावे. पाणी साचणाऱ्या जमिनीत आधी चर काढावेत. खताची मात्रा माती परीक्षणानंतरच ठरवावी.