तोंडी हुकूम आणि टिपणीतली एक ओळ

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला इंटरकॉम वाजला. खरेदीच्या बिलाची फाईल आत्ताच्या आत्ता पाठवा, खरेदी समितीचं प्रमाणपत्र मागाहून लावू, असं साहेबांनी सांगितलं. तिने ‘हो सर’ म्हटलं, टिपणी लिहिली, सही केली आणि फाईल आत पाठवली. ११ महिन्यांनी ऑडिटने नेमकी तीच फाईल काढली. साहेबांनी खुलाशात लिहिलं की टिपणीवर विसंबून आपण मंजुरी दिली. त्यांनी तसं सांगितलं होतं, हे दाखवायला तिच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

ती केंद्र सरकारच्या एका कार्यालयात गट ‘ब’ पदावर आहे. माझं टेबल तिच्या शेजारचं. नवे साहेब आल्यापासून त्यांचा आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. सगळ्यांसमोर बोलणी, सकाळी एक आदेश नि दुपारी त्याच्या उलट दुसरा, आणि सगळं तोंडी. ‘गप्प राहा, दोन वर्षांत बदलून जातील’ असं तिला मीच सांगत राहिलो. माझा सल्ला चुकीचा होता आणि त्याची किंमत तिने मोजली. म्हणून हे लिहितो आहे.

खरं तर तिच्या बाजूने नियम होता. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ मधला तिसरा नियम सांगतो की वरिष्ठांचे आदेश सहसा लेखी असावेत. तोंडी आदेश मिळालाच, तर कनिष्ठाने लवकरात लवकर लेखी दुजोरा मागावा, आणि मागितल्यावर तो देणं वरिष्ठांचं कर्तव्य आहे. म्हणजे दुजोरा मागणं हा उद्धटपणा नव्हे, ते तिचं कामच होतं. नोकरीच्या १९ वर्षांत हे आम्हा दोघांपैकी कुणीही वाचलेलं नव्हतं.

त्या वर्षी साहेबांनी तिच्या एपीएआरमध्ये, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवालात, ५.५ गुण दिले. बाहेरच्या माणसाला हे ठीकठाक वाटेल. पण १० पैकी ६ च्या खाली ‘अतिउत्तम’ मिळत नाही, आणि २०१६ पासून एमएसीपी या सुधारित आश्वासित प्रगती योजनेत पुढची वेतनपातळी मिळवायला ‘अतिउत्तम’च लागतं. हा लाभ १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. तिची २० वर्षं भरायला काही महिनेच उरले होते.

पूर्वी असे शेरे गुपचूप लिहिले जात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायला हवी असं ठरवलं, आणि २००९ च्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांना संपूर्ण अहवाल मिळू लागला. त्यावर निवेदन द्यायला १५ दिवस असतात. तिचे पहिले सहा रडण्यात गेले. सातव्या दिवशी तिने पाच पानं लिहिली. त्यात ‘हुकूमशाही’, ‘सूडबुद्धी’, ‘मानसिक छळ’ असे शब्द होते. त्यातला एकही खोटा नव्हता.

आमचे एक निवृत्त अधीक्षक आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी लाल पेनाने चार पानं खोडली. साहेब कसे आहेत हे कुणी विचारलेलं नाही, तू काय काम केलंस ते लिही, असं ते म्हणाले. मग दीड पान तयार झालं: वर्षभरात निकाली काढलेल्या फाईली, वेळेत गेलेली विवरणपत्रं, सुट्टीच्या दिवशी केलेलं काम, प्रत्येकापुढे तारीख. चौदाव्या दिवशी पोचपावती हातात आली. पुढे तिचे गुण ६.२ झाले.

आता ती दर तोंडी आदेशानंतर टिपणीत एक ओळ लिहिते: ‘आज दुपारी कक्षात झालेल्या चर्चेनुसार सादर.’ घाईचं काम असेल तर दोन वाक्यांचा ई-मेल, ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करत आहे, काही बदल असल्यास कळवावं.’ भाषा साधी, आदराची, तक्रारीचा सूर नसलेली. खासगी कंपनीतही हा ई-मेल तितकाच उपयोगी पडतो. साहेब ओरडले तर ती तिथे उत्तर देत नाही. नंतर एकटीने आत जाऊन मुद्द्याचं तेवढं बोलते. वरच्या अधिकाऱ्याकडे जायची वेळ आली, तर आधी साहेबांना लेखी कळवलेलं असावं, हेही काकांनीच बजावलं.

मात्र हे सगळं तापट, लहरी वरिष्ठांपुरतं. अंगचटीला येणं, अश्लील बोलणं असेल तर टिपणीत ओळ लिहीत बसू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करावी. ‘बदलून जातील’ म्हणत तिथे एक दिवसही घालवू नये.

मागच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. ऑडिटचा शेरा अजून निकाली निघालेला नाही. दर तिमाहीला त्याचं स्मरणपत्र येतं आणि खुलासा तिलाच लिहावा लागतो.