एक रात्र व्हॅम्पायरची

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट चार वर्षं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतोय. मला ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ सुरू करायचाय. मित्र म्हणतात, तलवारी नाहीत, ड्रॅगन नाहीत, मग मजा कसली?

उत्तर : मन वळवत बसू नका, एकच संध्याकाळ मागा. पात्रं तुम्हीच तयार करून न्या. जाडजूड नियमपुस्तक दाखवलंत तर निम्मे तिथेच गळतील. १९९१ साली आलेल्या या खेळाचा गाभा आहे माणसांत लपून राहणं आणि भूक आवरणं. २०१८च्या पाचव्या आवृत्तीत ही भूक थेट फाशांत उतरली. भूक जितकी, तितके दहा बाजूंचे साधे फासे बाजूला ठेवून वेगळ्या रंगाचे घ्यायचे. ते फिरले की आतलं जनावर उसळतं. हे समजावू नका, पहिल्याच प्रसंगात फासे टाकायला लावा. आणि गोष्ट तुमच्याच शहरात, ओळखीच्या गल्लीत घडवा.

कोणते विषय नकोत, हे मात्र आधी प्रत्येकाला विचाराच. रक्त आणि जबरदस्ती यांच्या फार जवळून जाणारा हा खेळ आहे. तरीही कोणी नाही म्हणालं, तर आग्रह सोडा. तिघांतही तो उत्तम रंगतो.