रुग्णाच्या खाटेजवळचा फार्मासिस्ट

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला दिले जाणारे औषध त्याच्या शरीरात पोहोचण्यापूर्वी अनेक हातांतून जाते: डॉक्टर ते केस पेपरवर लिहितात, परिचारिका त्याची मागणी औषध विभागाकडे पाठवते, तेथून ते वॉर्डात येते, परिचारिका ते मोजून किंवा सलाईनमध्ये मिसळून रुग्णाला देते आणि त्यानंतर त्याचा परिणाम पाहिला जातो किंवा, दुर्दैवाने, पाहायचा राहून जातो. औषधासंबंधीच्या चुका बहुधा कोणा एकाच्या अज्ञानातून होत नाहीत. औषध एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जी माहिती गळते, तिच्यातून त्या होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्यासाठी जगभर मोहीम हाती घेतली, तेव्हा औषधविषयक चुकांची वार्षिक किंमत सुमारे 42 अब्ज डॉलर इतकी असल्याचा अंदाज तिने मांडला होता. ज्या कुटुंबातील माणूस अशा चुकीने दगावतो किंवा कायमचा अधू होतो, त्या कुटुंबाचे नुकसान मात्र अशा आकड्यांत मावत नाही.

या हातबदलावर सतत लक्ष ठेवण्याचे प्रशिक्षण ज्याला मिळालेले असते, त्याला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणतात. औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर चिठ्ठी पाहून औषध देणारा फार्मासिस्ट वाचकांच्या परिचयाचा असतो आणि सरकारी रुग्णालयांत औषध निर्माण अधिकारी या पदनामाने तो ओळखला जातो. क्लिनिकल फार्मासिस्टचे मुख्य काम मात्र वॉर्डात, रुग्णाच्या खाटेजवळ चालते. डॉक्टरांच्या राउंडमध्ये तो सहभागी होतो, रुग्णाचे वय, वजन, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या आणि आधीपासून चालू असलेली औषधे यांच्याशी नवे औषध जुळते की नाही हे पडताळतो, मात्रा व देण्याची पद्धत तपासतो आणि शंका आल्यास औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलतो. निदान करणे किंवा उपचार ठरवणे हा त्याचा अधिकार नाही. डॉक्टरांनी ठरवलेला उपचार सुरक्षितपणे अमलात यावा, ही त्याची जबाबदारी आहे.

या कामाची सूक्ष्मता इन्सुलिनच्या उदाहरणावरून नीट कळते. भारतात इन्सुलिनच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलीटरमध्ये 40 युनिट औषध असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरली जाते, तर इन्सुलिन पेनच्या काडतुसात एका मिलिलीटरमध्ये 100 युनिट असतात आणि त्या तीव्रतेच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. पेन हाताशी नाही म्हणून काडतुसातील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला 20 ऐवजी 50 युनिट, म्हणजे अडीचपट मात्रा जाते आणि त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उलट साध्या कुपीतील इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत घेतले, तर प्रत्यक्षात आठच युनिट जातात आणि साखर चढत राहते. दोन्ही प्रसंगी केस पेपरवरील आदेश अचूक असतो, औषधही तेच असते आणि नोंदवहीत 20 युनिट दिल्याचीच नोंद होते. घाईत लिहिलेल्या आदेशात युनिटसाठी इंग्रजी यू हे एकच अक्षर वापरले आणि ते शून्यासारखे दिसले, तर 10 चे 100 वाचले जाण्याचा धोका वेगळाच. म्हणूनच इन्सुलिन, रक्त पातळ करणारी हेपारिन व वॉरफॅरिन, शिरेतून दिले जाणारे पोटॅशियम क्लोराइड, तसेच संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे पण चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतणारे मेथोट्रेक्सेट ही औषधे अतिजोखमीची मानली जातात. ती वेगळ्या कप्प्यात ठेवणे, त्यांवर ठळक चिठ्ठी लावणे आणि देण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे तपासणे, हे नियम वॉर्डात रुजवण्याचे काम क्लिनिकल फार्मासिस्टकडे सोपवणे सर्वांत शहाणपणाचे ठरते.

मीरा रोडजवळच्या काशीमीरा परिसराच्या दृष्टीने या विषयाला खास महत्त्व आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता येथे एकत्र येतात; अवजड वाहनांची ये-जा अहोरात्र चालू असते आणि अशा ठिकाणच्या रुग्णालयांना डोक्याला मार लागलेल्या अपघातग्रस्तांसाठी नेहमीच सज्ज राहावे लागते. मेंदूला इजा झालेल्या रुग्णाला झटके येऊ नयेत म्हणून पुष्कळदा फेनिटॉइन हे औषध दिले जाते आणि हे एकच औषध क्लिनिकल फार्मासिस्टची गरज पटवून देण्यास पुरेसे आहे. शिरेतून द्यायचे फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळल्यास त्याचे स्फटिक तयार होऊन ते खाली बसते, म्हणून ते साध्या मिठाच्या सलाईनमध्येच मिसळावे लागते. रुग्णाला नाकातील नळीतून पातळ अन्न दिले जात असेल आणि त्याच नळीतून फेनिटॉइनही जात असेल, तर औषध पुरेसे शोषले जात नाही, म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर काही काळ अन्न थांबवावे लागते. त्यातच तो रुग्ण क्षयरोगाची औषधे घेत असेल, तर गुंतागुंत आणखी वाढते, कारण त्यांपैकी आयसोनियाझिड हे औषध फेनिटॉइनचे यकृतातील विघटन मंदावते, रिफाम्पिसिन ते वाढवते आणि रक्तातील पातळी कोणत्या दिशेने सरकेल हे माणसागणिक बदलते. पातळी वाढली की रुग्णाचा तोल जातो, डोळे थरथरतात, गुंगी येते; आणि डोक्याला मार लागलेल्या माणसात ही लक्षणे मूळ इजेचीच समजली जाण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी रक्तातील फेनिटॉइनची पातळी तपासण्याची सूचना वेळेवर करणारी व्यक्ती राउंडमध्ये हजर असेल, तर औषधाची मात्रा थोडी कमी करून जे साधते, त्यासाठी मेंदूचे पुन्हा स्कॅन करण्याची वेळ येत नाही.

या भागातील रुग्णांचा प्रवासही लक्षात घ्यावा लागतो. काशीमीऱ्याचा रहिवासी तापासाठी जवळच्या दवाखान्यात जातो, प्रकृती बिघडल्यास मीरा रोडच्या एखाद्या खासगी रुग्णालयात किंवा भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात दाखल होतो, तेथून त्याला बोरिवलीच्या भगवती रुग्णालयात, कांदिवलीच्या शताब्दीत किंवा थेट केईएम वा जे. जे. रुग्णालयात पाठवले जाऊ शकते आणि बरे वाटल्यावर तो पुन्हा गल्लीतील डॉक्टरांकडेच येतो. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी नवी, कंपनीचे नाव नवे. घरात रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन एका नावाने आधीच चालू असते आणि डिस्चार्ज कार्डावर तीच गोळी दुसऱ्या नावाने लिहून येते. रुग्ण दोन्ही घेतो, पाय सुजतात, चक्कर येते, आणि सुजेसाठी तिसरी गोळी सुरू होते. उलट प्रकारही तितकाच गंभीर असतो: शस्त्रक्रियेसाठी थांबवलेले रक्त पातळ करणारे औषध पुन्हा कधी सुरू करायचे, हे कोणी लिहून दिलेले नसते. रुग्ण दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना त्याच्या जुन्या-नव्या सर्व औषधांची एकत्र यादी करून प्रत्येक औषध चालू ठेवायचे, बदलायचे की बंद करायचे हे स्पष्टपणे ठरवून घेण्याच्या प्रक्रियेला औषध-मेळ असे म्हणता येईल. ही प्रक्रिया कंटाळवाणी आणि वेळखाऊ आहे. एका रुग्णामागून दुसऱ्याकडे धावणाऱ्या निवासी डॉक्टरांकडून ती दर वेळी पूर्ण होण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे आणि ती कोणीच न करणे धोक्याचे आहे.

मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांत अनेक प्रतिजैविकांची मात्रा कमी करावी लागते किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवावे लागते, हेही येथे नमूद करावे लागेल, कारण वयस्क माणसाचा क्रिएटिनिनचा अहवाल वरवर ठीक दिसत असला तरी वय व वजन धरून हिशेब केल्यावर मूत्रपिंडाची क्षमता बरीच कमी निघू शकते. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन टाळणे हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरीही अंगदुखीच्या एखाद्या मिश्र गोळीतून ती औषधे नकळत जातात.

औषधाकडे संपूर्ण रुग्णालयाच्या पातळीवर पाहणारी नजर का हवी, याचा महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक दाखला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील आहे. डोळ्यातील किंवा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल पाजले जाते. 1986 च्या सुरुवातीला तेथे दिल्या गेलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हा मूत्रपिंड निकामी करणारा विषारी पदार्थ मिसळलेला होता आणि त्यामुळे 14 रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदी, तपासणी आणि नियंत्रण यांच्या साखळीतील दोष उघड केले. या घटनेचा एक वैद्यकीय धडा असा, की वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांत एकाच औषधाने इजा होते तेव्हा प्रत्येक खाटेजवळ ती मूळ आजाराचीच गुंतागुंत भासू शकते. सर्व खाटांवर कोणते औषध, कोणत्या बॅचचे जात आहे, हे ज्याला माहीत असते त्यालाच त्यांतील समान धागा लवकर दिसण्याची शक्यता असते. औषधांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवून त्यांचा अर्थ लावण्याच्या या शास्त्राला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. भारतात त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला आणि 2011 पासून गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे समन्वयन करते. वॉर्डातून अशा नोंदी गोळा करून पाठवणे हा क्लिनिकल फार्मासिस्टच्या कामाचा भाग आहे.

फार्मासिस्टच्या उपस्थितीने खरोखर फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दिले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अतिदक्षता विभागाच्या राउंडमध्ये फार्मासिस्ट सहभागी होऊ लागल्यावर औषध लिहिण्याच्या टप्प्यावरील टाळता येण्याजोग्या इजा रुग्णांच्या दर 1000 दिवसांमागे 10.4 वरून 3.5 वर आल्या, म्हणजे सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्या, आणि फार्मासिस्टच्या जवळपास सर्व सूचना डॉक्टरांनी स्वीकारल्या. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण तिसऱ्या व्यक्तीने आदेशावर बोट ठेवल्यास डॉक्टरांचा अधिकार कमी होतो, ही समजूत अनेक ठिकाणी या पदाच्या आड येते.

भारतात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम 2008 पासून आहे. त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे असते. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने चिठ्ठीची पडताळणी आणि रुग्णाचे समुपदेशन ही नोंदणीकृत फार्मासिस्टची कर्तव्ये ठरवली. म्हणजे प्रशिक्षित मनुष्यबळ आहे आणि कायद्याची चौकटही आहे. कमतरता आहे ती रुग्णालयांच्या आस्थापनेत या पदाला जागा देण्याच्या इच्छेची. पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमला पूर्णवेळ क्लिनिकल फार्मासिस्टचा पगार परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण एकाच परिसरातील चार-पाच लहान रुग्णालयांनी मिळून एकाची नेमणूक करावी, त्याने ठरलेल्या वेळी प्रत्येक ठिकाणी जाऊन अतिजोखमीच्या औषधांचे आदेश आणि डिस्चार्ज कार्डे तपासावीत, इतके तरी सहज शक्य आहे. आणि मोठ्या रुग्णालयांना तर खर्चाची सबब शोभत नाही, कारण अशा एका चुकीमुळे वाढलेला अतिदक्षता विभागातील मुक्काम रुग्णाला या पगारापेक्षा कितीतरी महाग पडतो.

तोपर्यंत वाचकांनी आपल्या परीने काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. रुग्णालयात जाताना घरातील सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे, दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि डोळ्यांचे थेंबही आले, मूळ पाकिटांसह एका पिशवीत न्यावीत, कारण पट्टीतून कापून नेलेल्या गोळीवर बहुतेकदा नाव उरत नाही. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असल्यास ते औषध नावानिशी केस पेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. नाकातील नळीतून देण्यासाठी गोळी कुटली जात असेल, तर ती कुटण्यासारखी आहे का हे विचारावे, कारण शरीरात हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली गोळी कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत औषधे समजून घेण्याचे टाळू नये; पूर्वीची कोणती गोळी बंद झाली आणि कोणती चालू राहिली, हे फार्मासिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून कार्डावरच लिहून घ्यावे. रुग्णालय निवडताना खोलीचे भाडे आणि विम्याची सोय विचारली जाते, तसेच तेथे क्लिनिकल फार्मासिस्ट वॉर्डात येतो का, हेही प्रत्येक कुटुंबाने विचारावे. हा प्रश्न वारंवार कानी पडू लागला, तर व्यवस्थापनांना त्याची दखल घ्यावी लागेल. आणि औषधामुळे त्रास झाल्याची शंका आल्यास प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तातडीने कळवून, त्यानंतर फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतःही त्याची नोंद करू शकतात.