एकट्याचा पहिला प्रवास

बापाची भीती

वैनगंगेच्या काठी एक गाव आहे. तिथे एक पोरगा राहतो. वय वर्षे एकोणीस. धान घरी आले होते. दिवाळी झाली होती. हंगामात मजुरी करून पोराने थोडे पैसे साठवले होते. एका संध्याकाळी तो बापाला म्हणाला,

"बा, मी तीन दिवस फिरून येतो. नागपूर पाहतो, सेवाग्राम पाहतो. एकटाच जातो."

बापाचा हात थांबला. तो म्हणाला, "एकट्यानं कायले जाचं? चार जण मिळून जा. परमुलखात आपलं कोण आहे?"

बाप उगाच भीत नव्हता. तरुणपणी तोही बाहेर गेला होता. मजुरीसाठी गेला होता. सगळ्यांची तिकिटे मुकादमाच्या हातात होती. एका मोठ्या स्टेशनावर गर्दीत चुकामूक झाली. गाडी निघून गेली. बापाला अक्षर येत नव्हते. कोणती पाटी काय सांगते, ते कळेना. कोणाला विचारावे, तेही सुचेना. दोन दिवस तो त्याच फलाटावर बसून राहिला. घरी आला तो कानाला खडा लावूनच आला.

आता आपण विचार करू. बापावर संकट का आले? तो एकटा पडला म्हणून का? नाही. त्याचे तिकीट दुसऱ्याच्या हातात होते आणि समोरची पाटी त्याला वाचता येत नव्हती, म्हणून आले. एकटेपण वाईट नाही, आंधळेपण वाईट. ज्याला वाचता येते, हिशेब ठेवता येतो आणि विचारायची लाज वाटत नाही, त्याने थोड्या पैशांत एकट्याने जायला हरकत नाही.

खिशात थोडे, मनात मोठे

आपल्या मराठी मुलखात असे एक माणूस होऊन गेले. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण थोडेच झाले. घरी नारळाची बाग होती. ती सांभाळायची आणि संसार करायचा, एवढेच पुढे दिसत होते.

एकदा त्यांनी एका मराठी मासिकात गौतम बुद्धाचे चरित्र वाचले. ते त्यांच्या मनात घर करून बसले. या बुद्धाने काय सांगितले, ते मुळातून शिकावे, असे त्यांना वाटू लागले. पण शिकवणार कोण? गावात तर कोणी नव्हते.

मग त्यांनी घर सोडायचे ठरवले. ते एका दमात जमले असे समजू नका. ते निघाले, धीर सुटला आणि परत आले. असे एकदा नाही, अनेकदा झाले. शेवटी १८९९ साली ते निघाले ते निघालेच. आधी पुण्याला गेले. मग काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. रोजच्या जेवणाचीसुद्धा तिथे चिंता होती. काशीहून ते नेपाळात गेले. बुद्धाचा धर्म तिथे नीट शिकायला मिळेल, अशी आशा होती. पण निराशा झाली. म्हणून हात टेकले नाहीत. कलकत्त्याला आले आणि तिथून १९०२ साली समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. कोलंबो शहरात विद्योदय नावाचे विद्यालय होते. तिथे सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसून ते पाली भाषा शिकले. पुढे ब्रह्मदेशातही जाऊन आले.

जो माणूस गावच्या बागेत नारळ मोजत होता, तो पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जाऊन काम करून आला. आपल्या प्रवासाची आणि आयुष्याची हकीकत त्यांनी 'निवेदन' या पुस्तकात लिहिली आहे. ते मराठीतच आहे. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. म्हणजे त्यांचा शेवटचा मुक्काम आपल्या विदर्भातच झाला.

कोसंबींकडे पैसा नव्हता. पण कशासाठी जायचे, ते पक्के होते. प्रत्येक गावी त्यांनी आधी शिकवणारा माणूस शोधला.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. ते निघाले तेव्हा घरी बायको होती, लहान लेक होती. बाहेर गेलेल्याचे नाव होते. मागे राहिलेल्यांचे हाल कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून जाणाऱ्याने घरच्यांना विश्वासात घ्यावे. कुठे जातो, कधी परत येतो, ते सांगून जावे.

आणि मुलींचे काय? मुलींनीही जावे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. घरचे कोणीही बरोबर नव्हते. आज तर २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना अर्धेच भाडे पडते.

सुरुवात जवळून करा

लहान मूल आधी अंगणात चालते, मग गल्लीत, मग रानात. प्रवासाचेही तसेच आहे.

पहिला प्रवास एका दिवसाचा करा. सकाळी निघा, संध्याकाळी घरी या. भंडाऱ्याहून एस.टी.ने पवनीला जा. पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने गाव आहे. तिथे जुना किल्ला आहे. जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० साली तिथे खोदकाम झाले. मातीखाली बुद्धाचा मोठा स्तूप सापडला. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. कोसंबी बुद्धाच्या शोधात लंकेपर्यंत गेले. इथे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीकाठी एवढा स्तूप मातीखाली झोपला होता! जवळचे आधी का पाहावे, ते यावरून कळेल.

दुसरा प्रवास एका मुक्कामाचा करा. नागपूरला जा. दीक्षाभूमी पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह तिथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तिथून सेवाग्रामला जा. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. त्यांची मातीची, कुडाची कुटी आजही उभी आहे. ती पाहिली म्हणजे मोठ्या माणसाला किती थोडी जागा पुरते, ते समजते.

तिसरा प्रवास लांबचा. शेगावला जाता येईल. आपल्या भंडारा रोडवरून जाणारी हावडा-मुंबई लाइनच पुढे शेगावला जाते. गजानन महाराजांच्या संस्थानात महाप्रसाद मिळतो आणि उतरायची सोयही आहे. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पासही मिळतो. तो चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा असतो. एकदा पैसे भरले की तेवढे दिवस पुन्हा तिकीट काढावे लागत नाही. कोणत्या गाडीला कोणता पास चालतो, ते आगारात विचारून घ्यावे.

पाटी वाचा, वेळ वाचा

नवा माणूस कुठे चुकतो, ते आता पाहू.

भंडारा शहर आणि भंडारा रोड स्टेशन एका जागी नाहीत. स्टेशन वरठीला आहे. शहरातून तिथे पोहोचायला वेळ धरून निघावे.

गोंदियाकडून येणाऱ्या काही गाड्या इतवारीलाच संपतात. नागपूरच्या मोठ्या स्टेशनापर्यंत जात नाहीत. बसण्याआधी डब्यावरची पाटी वाचा.

वर्धा आणि सेवाग्राम ही दोन स्टेशने वेगळी आहेत. काही गाड्या एकावर थांबतात, काही दुसऱ्यावर. आणि आश्रम दोन्हीपासून दूर आहे. तिथून पुढे वाहन पाहावे लागते.

रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारी एकनंतरच्या वेळेतून बारा वजा करा. १४:३० म्हणजे दुपारचे अडीच. १९:०० म्हणजे संध्याकाळचे सात. आता नीट लक्ष द्या. १५ तारखेची ००:१० ची गाडी म्हणजे १४ तारखेच्या रात्री बारा वाजून गेल्यावरची गाडी. पुष्कळ लोक १५ तारखेच्या रात्री स्टेशनावर जातात. गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

पॅसेंजरचे तिकीट काढून एक्सप्रेसमध्ये बसू नये. दंड होतो. जनरलचे जवळच्या अंतराचे तिकीट थोडाच वेळ चालते. ते सकाळी काढून संध्याकाळी वापरू नये.

थोडे पैसे कसे पुरवावे

पैसे हाती आले की आधी परतीचे भाडे बाजूला काढा. ते वेगळे बांधा. कितीही मोह झाला तरी त्याला हात लावू नका. परतीचे भाडे ज्याच्याजवळ आहे, तो कधी अडकत नाही.

उरलेल्या पैशांचे तीन वाटे करा. एक भाड्याचा, एक जेवणाचा, एक अडीअडचणीचा. सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. मोबाइलमधून पैसे देत असाल तरी थोडी रोकड जवळ असू द्या. मोबाइल बंद पडला की त्यातले पैसेही बंद पडतात.

एक लहान वही ठेवा. चहा प्यालात, लिहा. रिक्षा केलीत, लिहा. रात्री बेरीज करा. पैसा कुठे गळतो, ते वहीच सांगते.

पहिल्या दिवसाची शिदोरी घरून न्या. भाकर, चटणी, मुरमुरे, फुटाणे, गूळ. पाण्याची बाटली घ्या. एक जोड कपडे, एक चादर, नेहमीचे औषध आणि आधार कार्ड घ्या. पिशवी अशी असावी की ती घेऊन अर्धा कोस चालता यावे.

नव्या गावी उजेडात पोहोचा. अंधारात जागा शोधत फिरू नका. मुक्कामाची जागा आधी विचारून ठेवा. अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका. मोबाइलवर आलेला आकडा कोणी मागितला तर सांगू नका. रस्ता एकाला विचारला तरी दुसऱ्याकडून खात्री करून घ्या. रेल्वेत अडचण आली तर १३९ हा नंबर लावा. मोठे संकट आले तर ११२ लावा.

मायची चिठ्ठी

आता आपल्या पोराकडे वळू.

बाप तयार होईना. तेव्हा माय पुढे झाली. ती त्या वर्षी रात्रीच्या वर्गाला जात होती. तिने वहीचा कागद फाडला. वाकड्यातिकड्या अक्षरात पोराचे नाव, गावाचे नाव आणि दोन फोन नंबर लिहिले. एक घरचा, एक शेजारच्या काकांचा. चिठ्ठी पोराच्या हातात देऊन ती म्हणाली, "हे खिशात ठेव, बापू. पोहोचला का निरोप देजो."

पोरगा हसला. म्हणाला, "माय, नंबर तर मोबाइलमध्येच आहेत."

"राहू दे," माय म्हणाली.

पोरगा गेला. वरठीला गाडीत बसला. पाटी वाचून इतवारीला उतरला. दीक्षाभूमी पाहिली. दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला पोहोचला. तिथे त्याचा मोबाइल बंद पडला. पुन्हा सुरूच होईना. घरचा नंबर आठवून पाहिला, तर एकही आकडा पाठ नव्हता. सगळे नंबर मोबाइलच्या पोटात!

इकडे गावात संध्याकाळ झाली. निरोप नाही. बाप दारात येरझारा घालू लागला. त्याला तो जुना फलाट आठवला. तो कोणाशी बोलेना. जेवलाही नाही.

तेवढ्यात घरचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आवाज पोराचा होता. "बा, मी बरा आहो. मोबाइल बिघडला. मायची चिठ्ठी होती, म्हणून एका दुकानदाराच्या फोनवरून बोलून राहिलो. उद्या रात्री घरी येतो."

तिसऱ्या दिवशी रात्री पोरगा घरी आला. परतीचे भाडे देऊनही थोडे पैसे उरले होते. त्याने वही काढून हिशेब वाचून दाखवला. बाप ऐकत होता. मग त्याने पोराच्या हातातले तिकीट घेतले. दिव्याजवळ धरले. उलटसुलट करून पाहिले.

"यात वरठीचं नाव कुठं आहे?" त्याने विचारले.

पोराने बोट ठेवून दाखवले. "इथं भंडारा रोड लिहिलं आहे, बा."

बाप बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग मायला म्हणाला, "उद्यापासून मीही वर्गाला येतो. पवनी तरी पाहून येईन. पण माझं तिकीट मीच काढीन."

लक्षात ठेवा

१. सुरुवात जवळच्या गावापासून करा.
२. परतीचे भाडे आधी वेगळे बांधा.
३. पाटी आणि तिकीट स्वतः वाचा. तारीख आणि वेळ दोनदा पाहा.
४. दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.
५. घरी सांगून जा. पोहोचल्याचा निरोप द्या.

विचार करा

१. बाप फलाटावर दोन दिवस का बसून राहिला?
२. २० तारखेची ००:२० ची गाडी पकडायची आहे. कोणत्या तारखेच्या रात्री स्टेशनावर जाल?
३. तुमच्या गावाहून एका दिवसात पाहून येण्याजोग्या तीन जागा कोणत्या? वहीत लिहा. जाण्यायेण्याचे भाडे विचारून समोर मांडा.