नुसते पाहावयास आलेले गिऱ्हाईक

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला आपण बोलीभाषेत गिऱ्हाईक म्हणतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो जुलै २०२० पासून अंमलात आला. या दोन्ही कायद्यांत ग्राहकाची व्याख्या मोबदल्यापासून सुरू होते. ज्याने वस्तूचे पैसे दिले, अथवा देण्याचे कबूल केले, तो ग्राहक. जो अद्याप नुसता उभा आहे, वस्तूकडे पाहत आहे, किंमत विचारू की नको या विचारात आहे, तो या व्याख्येत बसत नाही. म्हणजे खरेदीपूर्वीचा जो अर्धा तास असतो त्याला कायद्याचे छत्र जवळजवळ नाही. तो सर्वस्वी दुकानदाराच्या अगत्यावर सोपविलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या अर्ध्या तासाचा विचार करावयाचा आहे.

यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते बेस गिटारचे. वाचकांना ते थोडे विचित्र वाटेल. परंतु माझा मामेभाऊ पारोळा तालुक्यातील एका ऑर्केस्ट्रात वाजवितो. हळदीचे कार्यक्रम, लग्ने, जयंतीच्या मिरवणुकी आणि नवरात्र यांवर त्यांचे वर्ष चालते. आजवर खालचे स्वर कीबोर्डवालाच डाव्या हाताने काढीत असे. या वर्षी तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईपूर्वी स्वतंत्र बेस गिटार घ्यावयाची असे त्यांच्या पार्टीत ठरले, आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे जळगाव व धुळे येथील पाच दुकाने हिंडलो. तीन दुकानांत मी आधी एकटा जाऊन आलो व मग दादासह गेलो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजारपेठ पुस्तकात फार भेटते. म्हटले, जरा उभे राहून पाहू. दुकानांची नावे मी मुद्दामच देत नाही.

आधी वाद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारा प्रश्न त्याच्या स्वभावातून निघतो. साध्या गिटारला सहा तारा, बेसला बहुधा चार. त्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली पडदे असलेली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसचे काम गळ्यात अडकविता येईल अशा वाद्याकडे आले. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतातून ती घरोघर ऐकू गेली, तरी ऐकणाऱ्याला तिचे नाव ठाऊक नसते. गाण्यात ती असते तेव्हा कोणी तिची दखल घेत नाही. बंद पडली म्हणजे मात्र मांडवातले नाचणारे पाय थबकतात. हे दादाचे म्हणणे, आणि तो उगीच बोलणारा माणूस नव्हे.

या वाद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, आतून भरीव असल्यामुळे ध्वनिवर्धकाला जोडल्यावाचून तिचा आवाज जवळजवळ येतच नाही. दुसरी ही की, ती हातात घेतल्याशिवाय तिचे दोष कळत नाहीत. तारेची मोकळी लांबी नेहमीच्या मापात ३४ इंच. तेव्हा लहान हाताला पहिल्या पडद्यांपर्यंत पोहोचता येते की नाही हे तेथेच पाहावे लागते. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून कोठे खरखर होते का ते ऐकावे लागते. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात उतरतो का, हेही तपासावे लागते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून हे होत नाही. मोबाईलच्या बोटभर स्पीकरातून ४१ कंपनांचा स्वर धड बाहेरच पडत नाही; आपण ऐकतो ती त्या स्वराची नुसती वरची साल. म्हणून बेस गिटार घेणाऱ्याला दुकान लागतेच.

आता दुकानांकडे वळू. पहिल्या दुकानात सर्व गिटारी काचेच्या कपाटात कुलूपबंद होत्या. मी एकटा गेलो असता गल्ल्यावरून विचारणा झाली, ‘घ्यायची आहे का?’ ‘पाहायची आहे,’ म्हटले. ‘घ्यायची असेल तर काढतो.’ एवढ्यावर संभाषण संपले. वास्तविक या वाक्यात उर्मटपणा असा काही नव्हता. तो गृहस्थ शांतपणे बोलला आणि पुन्हा आपल्या वहीत पाहू लागला. परंतु ज्या वस्तूचा गुणदोष हातात घेतल्याखेरीज कळत नाही, ती विकत घेण्याचा निश्चय आधी करावा आणि हात मागाहून लावावा, हा क्रम उलटा आहे. चारच दिवसांनी दादाबरोबर मी त्याच दुकानात गेलो. दादाच्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे आहेत. दुकानदाराने ते पाहिले, किल्ली काढली आणि ‘बसा भाऊ’ म्हणाला. मी तोच, दुकान तेच, फरक घट्ट्यांचा. म्हणजे आधीच शिकलेल्याला वाद्य मिळते, आणि ज्याला शिकावयाचे आहे तो काचेबाहेर.

दुसऱ्या दुकानात याच्या उलट अनुभव आला. तेथे ध्वनिवर्धक होता, वायर होती, नोकर तरुण व हसतमुख होता. त्याने गिटार उतरवली, जोडली आणि स्वतःच वाजवू लागला. वाजविली मात्र अशी की आजूबाजूच्या दुकानांतली माणसे डोकावून गेली. दहा मिनिटे झाली. मग त्याने ती माझ्यापुढे धरली. इतके ऐकल्यावर कोणत्या नवशिक्याचा हात पुढे होईल? मी ‘छान आहे’ म्हणून परत दिली. त्याचा हेतू चांगलाच होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या दहा मिनिटांत गिटारची परीक्षा झाली नाही, माझी झाली.

तिसऱ्या ठिकाणी शाळेची ढोलताशे, लेझीम, ट्रॉफ्या आणि क्रिकेटच्या बॅटी यांच्या गर्दीत हार्मोनियम व ढोलक्या होत्या. बेस गिटार नव्हती. ‘मागवून देऊ, निम्मे पैसे आधी.’ हे दुकान मी एका ओळीत संपवितो, कारण तेथे पाहण्यासारखे काही नव्हते.

येथे मला आपल्याच शहरांतील दुसऱ्या बाजारपेठांची आठवण होते. जळगावच्या सराफ बाजारात माझ्या आईसारखी खेडवळ बाई गेली तरी तिला बसावयास सांगतात, पाणी विचारतात, आणि एक मंगळसूत्र पाहण्यासाठी दहा पेट्या उघडतात. धुळ्याच्या आग्रा रोडवरील कापडदुकानांत साड्यांचा ढीग पडतो, ‘उद्या मालकांना घेऊन येते’ असे सांगून बाया उठतात, आणि दुकानातला मुलगा काही न बोलता घड्या घालू लागतो. सोने तर गिटारपेक्षा कितीतरी पट मोलाचे! मग तेथे हात लावू देतात आणि येथे का नाही?

केवळ वृत्तीचा फरक म्हणून हे सोडून देता येत नाही. साडी नेसणारी बाई साडी जाणते हे दुकानदाराने गृहीत धरलेले असते. सोने हातात घेतल्याने झिजत नाही आणि न विकले तर वितळविता येते. गिटारची गोष्ट वेगळी. तिच्यावर बटनाचा वा कमरेच्या पट्ट्याचा ओरखडा उठला की ती नवी राहत नाही. बोटांच्या घामाने तारा निस्तेज होतात आणि बेसच्या जाड तारांचा संच साध्या गिटारच्या संचाहून बराच महाग असतो. शिवाय साड्या रोज विकतात. बेस गिटार आपल्याकडे महिनोन्‌महिने एकही विकत नाही. आणि सर्वांत मोठे दुःख ते ऑनलाइनचे. गिऱ्हाईक येते, तासभर वाजवते, नमुन्याचा क्रमांक टिपून घेते आणि बाहेर पडताच मोबाईलवर मागणी नोंदवते. एका दुकानदाराने मला सरळ विचारले, ‘सांगा सर, त्या तासाचे वीजबिल कोण देतो?’ याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कुलूपबंद कपाटामागे हा अनुभव आहे हे न पाहता दुकानदाराला नावे ठेवणे न्याय्य होणार नाही.

तरीही एक माणूस हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविताना मला धुळ्यात दिसला. पाचकंदिलापासून थोड्या अंतरावर एका वयस्क गृहस्थांचे अरुंद दुकान आहे. मूळ व्यवसाय हार्मोनियम व तबला दुरुस्तीचा; गिटारी मागाहून आल्या. दारालगत एक जुनी, रंग उडालेली बेस गिटार टांगलेली होती. तिच्या तारा काळ्या पडलेल्या. ती विकावयाची नाही; हात लावण्यासाठीच ठेवलेली. शेजारी लहानसा ध्वनिवर्धक आणि एक स्टूल. मी ‘काका, नुसती पाहायला आलो’ म्हणताच त्यांनी स्टुलाकडे बोट केले, ‘बठ भाऊ.’ आणि स्वतः एका पेटीचा भाता चिकटविण्याच्या कामाला लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. त्या न पाहण्याचे मोल मला फार वाटले. कोणी पाहत नाही म्हटल्यावर मी चारही तारा वाजवून पाहिल्या, चुकलो, पुन्हा वाजविल्या. वीस मिनिटांनी ते मान वर न करता म्हणाले, ‘अंगठा मानेच्या मागे ठेव, वर नको.’ बस्स, एवढेच. जुन्या गिटारवर हात बसला, माप कळले, की मग ते नवी उतरवितात. तोवर घेणारा कोण आणि वेळ घालविणारा कोण हे त्यांना आपोआप उमगलेले असते. वीस वॅटचा ध्वनिवर्धक आणि एक टाकाऊ गिटार, एवढ्या भांडवलावर त्यांनी कपाटाचे कुलूप काढले आहे.

या गृहस्थांची रीत मला मिरजेच्या परंपरेशी जुळणारी वाटली. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब प्रभृती कारागीर तंतुवाद्यांकडे वळले आणि तेथील तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे वाद्य विकले म्हणजे व्यवहार संपला असे होत नाही. घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढावयास गवई पुन्हा पुन्हा त्याच कारागिराकडे येतो. विक्रेत्याला वाद्याचे अंतरंग ठाऊक असते, म्हणून गिऱ्हाइकाने हात लावल्याची त्याला धास्ती नसते. बिघडले तर दुरुस्त करणारा तोच. याउलट ज्या दुकानात खोक्यातून आलेला माल तसाच भिंतीवर चढतो, तेथे तार तुटली तरी संकट. कुलपाचे एक कारण हेही असावे असा माझा तर्क आहे.

खानदेशात तर हे ज्ञान अधिकच लागते. आपला उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. कोरड्या हवेत लाकूड आटते. मग पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती किंचित पिळून मानेचा बाक ठीक करावा लागतो. दूरच्या गोदामातून खोक्यात आलेली गिटार येथल्या हवेत हे सारे भोगते, आणि पाव फेरा पिळणारा हात खोक्यातून येत नाही.

दादाने गिटार अखेर धुळ्याच्या त्याच दुकानातून घेतली. ऑनलाइनपेक्षा ९०० रुपये जास्त पडत होते. घासाघीस होऊन ५०० वर आले. पार्टीच्या आगाऊ रकमेतले पैसे असल्यामुळे ते ५०० रुपयेही चौघांना विचारून द्यावे लागले. एक म्हणाला, ‘पाचशे कशाचे?’ दादा म्हणाला, ‘स्टुलाचे.’

पक्के बिल मागितले ते मिळाले. त्यावर खाली नेहमीची ओळ छापलेली होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाचकांनी ही ओळ शेकडो बिलांवर पाहिली असेल. २०१९ च्या कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील. शिवाय धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार एरवी ग्राहक ठरत नसला, तरी जो स्वतःच्या श्रमाने केवळ पोट भरण्यासाठी वस्तू घेतो व स्वतः वापरतो, त्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, शिवणयंत्र घेणारे शिंपी यांतले फार थोडे हे जाणतात. दादालाही ते त्या दिवशी प्रथम कळले. मी काकांना त्या ओळीविषयी बोललो तेव्हा ते हसले. ‘छापखान्यातून तशीच छापून येते,’ म्हणाले, आणि पेन घेऊन त्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिले, ‘मान व तारा १५ दिवस मोफत बघून देऊ.’

मे महिन्यात मान ताठून तारा खालच्या पडद्यांवर घासू लागल्या, तेव्हा दादा गिटार घेऊन धुळ्याला गेला. काकांनी सळई पाव फेरा सैल केली, तारा पुन्हा लावून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. बिलावर लिहिलेली मुदत संपून तोवर पाच महिने होऊन गेले होते.