‘बोर आहे’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत आमचं एक छोटं टोळकं आहे. खेळलेल्या गेमबद्दल प्रत्येकाने वहीत लिहायचं आणि सुटीच्या दिवशी वाचून दाखवायचं. शाळकरी मुलंमुली जास्त, माझ्यासारखे वयाने मोठे थोडे. हे लिखाण कुठे छापून येत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत, तरी पोरं मनापासून लिहितात. म्हणून त्यावर बोलताना जपून बोलावं लागतं, आणि खरंही बोलावं लागतं. या बैठकींतून जे हाती आलं ते सांगतो.

१. निकालाला हात लावू नका.

गेम आवडला की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. कुणी ‘बोर आहे’ लिहिलं तर ‘काहून? भारी तर आहे!’ म्हणून वाद वाढतो, लिखाण सुधारत नाही. विचारायचं ते असं : फोन खाली कधी ठेवलास? तेव्हा स्क्रीनवर काय चाललं होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा उचललास का? ही उत्तरं वहीत उतरली की मत पटो न पटो, वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

याचा कस लागला तो ‘राजी’च्या वेळी. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी आवाहन केलं, रक्कम पुरी झाली नाही, तरी काम थांबलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. आमच्यातल्या एका मुलीने तो नातेवाइकांकडे खेळला आणि लिहिलं, ‘गोष्ट मधेच तुटते.’ सगळे तिच्यावर धावून गेले : आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांनी एवढा मोठा गेम केला आणि तू नावं ठेवतेस?

मी तिच्या बाजूने होतो. गेम काही तासांतच संपतो, शेवट घाईचा वाटतो. बाहेरच्या कित्येक परीक्षकांनीही हेच म्हटलं आहे. अभिमान आपल्या जागी राहू द्यावा, त्याने वाक्य खोडू नये. तिला मी एवढंच म्हटलं, ‘तुटते म्हणजे कुठे, ते दाखव.’ मग तिने लिहिलं की राजी धाकट्या भावाला, गोलूला, गेमभर शोधते, पण शेवटी मनातले प्रश्न सुटत नाहीत. आणि भिंतींवरची देवादिकांची चित्रं बघायला ती लढाई सोडून थांबायची, हेही लिहिलं. दोष नेमका झाला तशी तारीफही नेमकी झाली.

२. लिहिणाऱ्याला आपलं गाव विसरू देऊ नका.

‘फार क्राय ४’ हा २०१४ चा गेम, हिमालयातल्या एका काल्पनिक देशात घडणारा. त्यात वाघ आहेत. एका मुलाने सगळं यूट्यूबवाल्यांच्या थाटात लिहिलं, ग्राफिक्स असे नि कंट्रोल तसे, आणि शेवटी जाता जाता एक ओळ : ‘वाघ खोटा वाटला.’ मला ती ओळ सोन्याची वाटली. त्याला विचारलं, खरा कसा असतो? तो बोलतच सुटला. वाघ दिसायच्या आधी वानरं ओरडतात, चितळ ओरडतं. वाघ समोरून डरकाळी फोडत येत नाही. मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसावर मागून झडप घालतो. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आमच्याकडे घराघरांत ही धास्ती असते. मुंबई-पुण्याच्या परीक्षकाला हे लिहिता येणार नाही. ‘हेच आधी लिही, ग्राफिक्स नंतर,’ असं मी सांगितलं. नवख्याच्या लिखाणात अशी एखादी ओळ कोपऱ्यात पडलेली असतेच. ती शोधून काढणं हे अभिप्राय देणाऱ्याचं पहिलं काम.

३. फोन आणि तारीख लिहायला लावा.

पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालू राहिला. गेम असे बदलतात, म्हणून तारीख हवी. ‘अटकतो’ हा दोष गेमचा की स्वस्त फोनचा, हेही फोनचं नाव लिहिल्याशिवाय कळत नाही.

४. आपल्या लिखाणावर कुणी बोलत असेल तर मधे उत्तर देऊ नका.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. तिथे तिकीट काढून बसलेला माणूस कंटाळला तर रंगमंचावरून त्याला समजावता येत नाही. पुढच्या गावी प्रसंगच बदलावा लागतो. मी हे त्या नटांकडून उचललं आहे. पोरं बोलतात, मी लिहून घेतो. दोघं एकाच परिच्छेदावर अडखळले तर तो पुन्हा लिहितो. ‘अजून मार्क दे’ असल्या सूचना मात्र सोडून देतो.

५. ‘हे परीक्षणच नाही’ असं कुणालाही म्हणू नका.

मुलींच्या बाबतीत हे फार घडतं. एकीने लिहिलं होतं, ‘फोन बाबांचा आहे. ते जेवायला बसले की मिळतो, उठले की द्यावा लागतो. गेम अर्धा राहतो.’ मुलं म्हणाली, ही तुझ्या घरची गोष्ट, गेमची नाही. मला वाटतं ती गेमचीच आहे. ऑनलाइन सामना मधे थांबवता येत नाही. फ्री फायर मॅक्सचा डाव दहा-एक मिनिटांत आटोपतो, बीजीएमआयचा मोठ्या नकाशावरचा डाव अर्ध्या तासापर्यंत जातो. उसना फोन मिळणाऱ्या मुलीला कोणता गेम झेपेल हे यावरच ठरतं, आणि अशा मुली आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. हे तिला सांगितलं. पुढच्या बैठकीला तिने प्रत्येक गेमपुढे एक रकाना आखून आणला : डाव किती वेळाचा, मधे सोडला तर काय जातं. आता तो रकाना सगळ्यांच्या वहीत आहे, मुलांच्याही.